तुम्ही विचारलंत म्हणून: घोड्यावरून 'शिकारी'ला जायला किती पैसे पडतात?

मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत कुणीतरी हमखास विचारतं, "अगं, तू त्या लाल कोटवाल्यांबरोबर घोड्यावरून जातेस ना? किती पडतात?" आवाज जरा खाली आणून, कोथरूडात फ्लॅटचा भाव विचारावा तसा. मी आकडा सांगते, समोरचा मनातल्या मनात रुपये करतो, भुवया उंचावतो आणि शिऱ्याचा द्रोण घेऊन पुढे सरकतो. पण तो आकडा एकट्याने काहीच सांगत नाही, म्हणून आज सविस्तर.

आधी 'शिकार' या शब्दाचं. मी लेस्टरला राहते. जवळचं मेल्टन मोब्रे म्हणजे फॉक्सच्या मागे हाउंड सोडून त्यांच्यामागे घोड्यावरून दौडायच्या इंग्रजांच्या या छंदाची पंढरी. अठराव्या शतकात याच परिसरात ह्यूगो मेनेलने क्वॉर्न हंट या शिकारी मंडळासाठी वेगवान हाउंडची पैदास केली. (हाउंडला कुत्रा म्हणू नका, माणसं दुखावतात.) मात्र 18 फेब्रुवारी 2005 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये हाउंड सोडून फॉक्स मारणं बेकायदा आहे. आता वासाचा माग आधीच टाकून ठेवतात आणि हाउंड त्यावरून धावतात. हे नुसतं पांघरूण आहे असं विरोधक म्हणतात. काही जणांना न्यायालयात शिक्षाही झाल्या आहेत. 2024 च्या निवडणुकीत मजूर पक्षाने यावरही बंदी आणू असं जाहीरनाम्यात लिहिलं. मला स्वतःला ते कोडं सुटलं नाही, म्हणून दुसऱ्या हंगामापासून मी ब्लडहाउंडवाल्यांकडे जाते. तिथे एक धडधाकट माणूस पुढे पळतो, हाउंड त्याच्याच अंगाच्या वासावर निघतात आणि गाठल्यावर त्याला चाटून चाटून ओला करतात. जाता जाता सांगते, इथला फॉक्स म्हणजे आपलं खोकड. कोल्हा वेगळा. साहेबाच्या काळात 'पूना अँड किर्की हाउंड्स' पुण्याच्या माळांवर धावत, ते मात्र अस्सल कोल्ह्यामागे.

आता पैसे. एका दिवसाच्या वर्गणीला इथे 'कॅप' म्हणतात, कारण पूर्वी ती खरंच टोपी फिरवून गोळा करत. आता आदल्या दिवशी सेक्रेटरीला फोन करून बँकेतून पाठवायची. नवख्यांसाठी बऱ्याच ठिकाणी सवलतीचे दिवस असतात. मी पहिल्यांदा 40 पौंड दिले. नावाजलेल्या हंटमध्ये ऐन हंगामात पाहुण्याला याच्या तिप्पटही पडतात. लोक हाच आकडा ऐकून येतात आणि म्हणतात, एवढंच ना!

चार आण्याची कोंबडी झाली. मसाला म्हणजे घोडा. भाड्याच्या घोड्याला 'हायरलिंग' म्हणतात. माझा पहिला 190 पौंडांना पडला. महाग वाटतो, पण तो ट्रकमधून येतो तेव्हा खरारा झालेला असतो, आयाळीच्या वेण्या घातलेल्या असतात, जीन कसलेलं असतं. तुम्ही रिकिबीत पाय घालायचा आणि संध्याकाळी चिखलाचा गोळा परत करायचा. चंदी, नालबंद, डॉक्टर, सगळं त्यांच्या माथी. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं, हे कोडं आपण शाळेत पाठ केलं. त्याचं उत्तर, 'न फिरवल्यामुळे', मला इथे येऊन समजलं. स्वतःचा घोडा रोज फिरवावा लागतो, पावसात, अंधारात, ऑफिसच्या आधी. फिरवायला माणूस ठेवला तर आमच्या भागात पागेचं भाडं धरून आठवड्याला दीडशे पौंडांच्या पुढे जातं, आणि नाल दर सहा-आठ आठवड्यांनी बदलायचे ते वेगळे. वर्षातून पाच-सहा दिवस जाणाऱ्याने घोडा घेणं म्हणजे ताकासाठी म्हैस.

कपड्यांची धास्ती मात्र उगाच घेऊ नका. लाल कोट नवख्याचा नव्हेच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये साधं ट्वीडचं जाकीट चालतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हंगाम रीतसर उघडला की काळा किंवा गडद निळा कोट. माझा धर्मादाय दुकानातला, 25 पौंडांचा. गळ्याला स्टॉक नावाचा लांब पांढरा पट्टा गुंडाळतात तो शोभेचा वाटतो, पण हात मोडला तर झोळी म्हणून उपयोगी पडतो. हेल्मेट तेवढं नवंच घ्या. जुन्यावर आधी कोण डोक्यावर पडलंय ते बाहेरून दिसत नाही.

एक खर्च कुणीच धरत नाही, तो शिकण्याचा. माझा घोड्याशी आधीचा संबंध माथेरानपुरता, तोही लगाम दुसऱ्याच्या हातात. चाळिशीत शिकायला लागले. चौदा महिने, आठवड्याला एक धडा, 38 पौंड. करा हिशेब. उड्या मारता आल्याच पाहिजेत असं नाही. फाटकाफाटकांतून जाणारी वेगळी टोळी असते आणि गप्पा तिथेच चांगल्या रंगतात. पण घोडा थांबवता यायलाच हवा, आणि हाउंड जवळून जाताना त्याचं तोंड त्यांच्याकडे वळवून धरायला हवं. घोड्याने हाउंडला लाथ मारली तर तुमची पंचवीस पौंडांची ऐट तिथेच संपते.

पहिल्याच हंगामात माझ्या घोड्याच्या मागच्या पायाने कुंपणाची एक आडवी फळी मोडली. कुणी ओरडलं नाही, म्हणून मी सुटले असं वाटलं. संध्याकाळी सेक्रेटरीबाईंचा फोन: कुठलं शेत, कुठला कोपरा? मला धड सांगता आलं नाही, तेव्हा मात्र त्यांचा आवाज चढला. ज्या शेतांतून आम्ही दौडतो त्यांचे मालक एक पैसा घेत नाहीत. त्या फळीतून त्यांची मेंढरं रस्त्यावर आली असती. मी 60 पौंड भरले आणि दुसऱ्या दिवशी जाऊन शेतकऱ्याची माफी मागितली. त्याने मला चहा दिला, फळी त्याने रात्रीच ठोकली होती.

तर तुम्हाला एकदाच जाऊन बघायचं असेल, तर वर्गणी आणि घोडा मिळून 230 पौंड, म्हणजे पंचवीस हजार रुपयांच्या वरच. वर पेट्रोल, आणि घोडा आणणाऱ्या पोरीच्या हातावर ठेवायला दहाची नोट. हो, आणि शनिवारी जाणार असाल तर सोमवारची रजा आधीच टाका. मी टाकली नव्हती. ऑफिसचा जिना कठड्याला धरून, पाठमोरी होऊन, एकेक पायरी उतरले.