तिरफळाची झिणझिण

बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं आठ-दहा पुरे. आतली काळी बी काढून टाकायची, साल तेवढी जराशी ठेचायची आणि रस उकळू लागला की वरून सोडायची. वाटणात घालून मिक्सरला लावलीत तर कडवटपणा उतरतो. मग कितीही आमसुलं टाका, उपयोग नाही. जेवताना साली ताटाच्या कडेला लावायच्या असतात, पण एखादी दाताखाली येतेच. लगेच ओठ झिणझिणायला लागतात. तिखट नव्हे, आंबट नव्हे, धड चवसुद्धा नव्हे.

ही झिणझिण किती, ते मोजायचं कसं? मिरचीचं त्या मानाने सोपं. विल्बर स्कोव्हिलने १९१२ साली मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत नेला, चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत. आता यंत्र कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीला तिखट करणारा घटक, मोजून देतं. पण ते माप मिरचीचं, खाणाऱ्याला काय झालं त्याचं नव्हे. बरं, 'दहापैकी किती?' असं विचारावं, तर मालवणातल्या आजीचे दहा आणि सुट्टीत आलेल्या नातवाचे दहा एका मापाचे थोडेच असणार!

तिरफळाची चुलतबहीण म्हणजे सेचुआन मिरी. तिच्यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी २०१३ साली फार छान युक्ती लढवली. ओठाला मिरी, बोटाखाली थरथरणारं यंत्र, आणि प्रश्न एवढाच: जलद काय, ओठ की बोट? जुळणी झाली सेकंदाला साधारण ५० कंपनांवर. स्पर्शाच्या मज्जातंतूंपैकी एक जात नेमकी याच पट्ट्यातली थरथर टिपते. खातरजमाही केली. आधी ओठांनाच बराच वेळ यंत्राची थरथर दिली, तर नंतर मिरीची झिणझिण मंद भासली. आकडा न मागता नुसती तुलना मागितली, यातच सगळी हुशारी आहे.

तरी जुळला तो फक्त वेग. दोघांचे ५० तंतोतंत जुळले, तरी एकाला त्या गुदगुल्या वाटतील आणि दुसरा ताट सारून उठेल. तो फरक या यंत्रात पकडता येत नाही.

घरी ताडून बघायचं तर जेवणाआधी बघा. तोंड मिरचीने पोळलेलं असलं की काही कळत नाही. पहिली झिणझिण पुरती उतरल्याशिवाय दुसरी साल ओठाला लावू नका, नाहीतर मोजाल ती बधिरता. आणि मोबाइलच्या थरथरीशी जुळवायला जाऊ नका, ती बरीच जलद असते.