जागा राखून ठेवलीय तुझी

दिवाळीची सुट्टी संपली की मला हजेरी घेताना भरून येतं, खरंच सांगते. आमची बीड जिल्ह्यातली झेडपीची शाळा, तिसरीच्या पटावर २६ पोरं आणि त्यातली ८ आईबापासोबत ऊसतोडीला गेलेली. घरी सांभाळायला आजी नसेल तर पोरगंही टोळीच्या ट्रॅक्टरवर बसतं, ते कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे गाळपाचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात परत येतं.

आधी मला त्यांच्या पाढ्यांची नि वाचनाचीच काळजी असायची. पण गेल्या गुढीपाडव्याच्या सुमाराला एक पोरगा परत आला आणि दप्तर पोटाशी धरून दारातच थांबला. ये की आत म्हटलं तरी हलेना, कारण बसायच्या पट्टीवर जागाच नव्हती, सगळी ऐसपैस बसलेली आणि कुणी सरकायला तयार नाही. पाचच मिनिटांपूर्वी परिपाठात सगळ्यांनी 'सारे भारतीय माझे बांधव आहेत' म्हटलेलं! १९६२ साली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ही प्रतिज्ञा तेलुगूत लिहिली, आपण सगळ्यांनी ती पाठ केलीय, पण सरकून बसायला मीच शिकवायला हवं होतं ना, ते राहिलं होतं.

यंदा मग जाणाऱ्यांची जागा भरायचीच नाही असं ठरवलं. पट्टीवर त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्यात, गटाच्या यादीतही नावं तशीच आहेत. आणि शनिवारी परिपाठ झाला की एकेकाच्या वडिलांना फोन लावतो, स्पीकरवर. फडातून आवाज येतो, "बाई, लई थंडी हाय इथं," मग इकडून प्रश्नांचा पाऊस, आज किती मोळ्या बांधल्या, गाडीत किती बसतात, आणि त्याचीच गणितं आम्ही फळ्यावर सोडवतो.

जाताना शिक्षण हमी पत्रक देतोच आम्ही, ते दाखवलं की तिकडच्या शाळेत बसता येतं. सातारा-कोल्हापूरकडच्या गुरुजी-बाईंना एवढीच विनंती, आमचं पोर तुमच्या दारात उभं राहिलं तर पहिल्याच दिवशी पाढे विचारू नका, आधी शेजारी कुणाला तरी सरकायला सांगा.

मागच्या शनिवारी एका पोरीनं फोनवर हळूच विचारलं, "माझ्या जागेवर कोण बसतंय?" मी तोंड उघडायच्या आत अख्खा वर्ग ओरडला, "कुणीच नाही!"