माल चालू, लॅपटॉप बंद

लॅपटॉपची रॅम, म्हणजे काम चालू असताना वापरात असलेली मेमरी, बदलायला वीस मिनिटं लागतात. मला पाच दिवस लागले, आणि त्यातला निम्मा वेळ सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानाच्या काउंटरपुढं उभं राहण्यात गेला. राग अजून उतरलेला नाही, त्यामुळे खाली काही ठिकाणी तो दिसेल.

माझा लॅपटॉप २०१४ चा. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चार-पाच टॉवेल-चादरवाल्यांचे जीएसटीचे हिशेब मी घरी बसून बघते. दोन वर्षांपूर्वी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली तेव्हा लॅपटॉप पळायला लागला होता. पण जीएसटीचं पोर्टल, हिशेबाचं टॅली आणि खरेदीची लांबलचक एक्सेल शीट एकदम उघडली की माऊसचा बाण जागच्या जागी थिजायचा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९४ टक्के. त्याच पानावर खाली लिहिलेलं असतं, दोनपैकी एक स्लॉट वापरात. म्हणजे एक जागा रिकामी. ८ जीबीची एक रॅम टाकली की झाले १२.

मे महिना, चौदा तारीख. चौदाला टू-बी (खरेदीवरच्या कराचा पोर्टलनं काढलेला तक्ता) येतं, वीसला थ्री-बी (महिन्याचं विवरणपत्र) भरायचं. मधले सहा दिवस म्हणजे माझी लगीनघाई. एवढ्यात लॅपटॉप उघडायला घेणं हा शुद्ध आगाऊपणा होता, कबूल. तुम्ही करणार असाल तर एकवीस तारखेनंतर करा.

दुकानात मालकांनी आधी साधी डीडीआर-थ्री प्रकारची रॅम काढली. मी म्हटलं, ही १.५ व्होल्टची, मला एल पाहिजे, १.३५ व्होल्टवाली. या पिढीच्या आय-थ्रीला तीच लागते. मालकांनी माझ्याकडे जरा दबून बघितलं आणि दुसरी दिली. डीडीआर-थ्री-एल, ८ जीबी, सोळाशे रुपये. मी ऐटीत घरी आले. ही ऐट तासभर टिकली.

मागचं झाकण उघडणं, स्क्रू स्टीलच्या वाटीत ठेवणं, यात सांगण्यासारखं काही नाही. रॅम तिरकी घालून दाबली, दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा टक्क आवाज आला. बटण दाबलं. दिवा लागला, पंखा घरघरला, पडदा काळा. थोड्या वेळानं आपोआप बंद, परत चालू, परत काळा. नवी काढून जुनी ४ ची एकटीच ठेवली की विंडोज गपगुमान सुरू.

(इथं एक राहिलं. रॅमला हात लावण्याआधी चार्जर काढा, बॅटरी काढा आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. मला हे तिसऱ्या दिवशी आठवलं. नशीब बलवत्तर.)

दुसऱ्या दिवशी दुकानात. मालकांनी स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, त्यांच्या टेस्टिंगच्या लॅपटॉपला लावली. चालू! पडदा माझ्याकडे फिरवून म्हणाले, "माल चालूच हाय बगा मॅडम. नीट बसवली नसंल." घरी आले. सोनेरी पट्ट्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसल्या, स्लॉटमधली धूळ ब्रशनं झाडली. आमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, कापसाचे तंतू कुठं कुठं शिरतात ते विचारू नका. एकटी नवी स्टिक पहिल्या स्लॉटमध्ये, मग दुसऱ्यात. जुनी पहिल्यात, मग दुसऱ्यात. जुनी दोन्हीकडे चालते, नवी कुठंच नाही. म्हणजे स्लॉट दोन्ही ठीक. हा पडताळा प्रत्येकानं करावा, फुकट आहे.

तिसऱ्या दिवशी लॅपटॉपच घेऊन गेले. त्यात नळाला पाणी यायचा दिवस. भरायचं काम सासूबाईंवर टाकून, बेचाळीस डिग्रीत रिक्षानं. मालकांनी आपल्या हातानं स्टिक बसवली. काळा पडदा. आता तरी मान्य करतील की नाही? छे! "मॅडम, मदरबोर्ड गेलाय. जुना माल, आठची रॅम झेपत नाय त्याला. देऊन टाका की, तीस हजारात नवा बसवून देतो." मी म्हटलं, या प्रोसेसरला १६ जीबीपर्यंत चालते असं इंटेलनंच लिहून ठेवलंय. "ते कागदावर ओ." मग रॅम परत घ्या. "चालू माल परत नाय घेत. तुमच्यासमोर चालवून दाखवला की." माझ्या मागं दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही मान हलवायला लागली. माझ्या डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं. वाईट याचं वाटलं, की माणूस खोटं बोलत नव्हता. रॅम खरंच चालू होती. माझा लॅपटॉपही चालू होता. दोघं एकत्र मात्र बंद.

त्या रात्री मी ४ जीबीवरच टू-बी जुळवत बसले, एक फाइल बंद करून दुसरी उघडत.

चौथ्या दिवशी शेजारच्या वहिनींचा इंजिनिअरिंगचा मुलगा एक स्टिक घेऊन आला. "काकू, माझ्या मेलेल्या लॅपटॉपमधली आहे, लावून बघा." तीही ८ जीबी, तीही एल. लावली, पडदा काळाच राहिला आणि मी हात जोडायच्या बेतात असताना लोगो आला. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू व्हायला जास्त वेळ लागू शकतो. घाबरून बटण दाबू नका, मी दाबणारच होते.

मग दोन्ही स्टिका ओट्यावर शेजारी ठेवल्या. व्होल्टेज तेच, वेग तोच, आकार तोच. पण त्या मुलाच्या स्टिकवर दोन्ही बाजूंना मिळून सोळा काळ्या चिप आणि दुकानातल्यावर आठच. लेबलवर एकीकडे "२आरएक्स८", दुसरीकडे "१आरएक्स८". माझ्या जुन्या ४ जीबीवरही आठच चिप होत्या आणि ती तर चालते, म्हणून आधी मी हा फरक सोडूनच देणार होते.

पण हिशेब हा माझा धंदा आहे. एका बाइटचे आठ बिट, म्हणून ८ जीबी म्हणजे ६४ गिगाबिट. सोळा चिपमध्ये वाटले तर एकीला ४ गिगाबिट. आठमध्ये वाटले तर एकीला ८. माझ्या जुनीचे ३२ भागिले आठ, पुन्हा ४. आता ताळेबंद जुळला. शोधल्यावर खात्री पटली. चौथ्या पिढीपर्यंतच्या इंटेल प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर (रॅमशी बोलणारा भाग) डीडीआर-थ्रीच्या ८ गिगाबिटच्या चिप ओळखत नाही, पाचव्या पिढीपासून ओळखतो. तेव्हा "१आरएक्स८" दिसलं म्हणून ४ जीबीची स्टिक नाकारू नका. जुन्या लॅपटॉपला ८ जीबीची घेताना मात्र सोळा चिप मोजूनच घ्या.

पाचव्या दिवशी पुन्हा काउंटर. या वेळी मी आधी त्यांच्या टेस्टिंगच्या लॅपटॉपवरचा स्टिकर वाचला. सहावी पिढी. मग त्या मुलाची स्टिक माझ्या लॅपटॉपला लावून दाखवली आणि गप्प उभी राहिले. मालकांनी दोन्ही स्टिका उलटसुलट केल्या, आतल्या खोक्यातून सोळा चिपवाली शोधून काढली आणि वर दोनशे रुपये मागितले. मी दिले. भांडायचं त्राण नव्हतं आणि वीस तारीख जवळ होती.

१२ जीबी दिसले. ४ आणि ८ अशी बेजोड जोडी चालते, वेग किंचित कमी मिळतो एवढंच. रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, लावून ठेवली, मध्ये दोनदा लाइट गेली तरी बॅटरीवर तगली, एकही चूक नाही. एकोणीसला सगळ्यांची थ्री-बी भरून झाली.

त्या पाचव्या दिवशी दुकानातून निघताना मालकांनी माझी आठ चिपवाली स्टिक त्याच काचेत त्याच जागी ठेवली. मी म्हटलं, पाकिटावर निदान "पाचव्या पिढीपासून पुढं" असं लिहून ठेवा.

"पिढी कोण विचारतंय ओ मॅडम," ते म्हणाले, आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे वळले.