फेयॉलचं चौथं तत्त्व आणि वडगावचे माग

बेळगावात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला मी व्यवस्थापनाचा पेपर शिकवते, गेस्ट लेक्चरर म्हणून. २०२१ मध्ये कर्नाटकात चार वर्षांची पदवी आली, २०२४ मध्ये ती मागं घेऊन पुन्हा तीन वर्षांची केली. या धामधुमीत पेपरचं नाव हललं, युनिटं पुढंमागं झाली, पण हेन्री फेयॉल जागचा हलला नाही. त्याची व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं, गाईडात दोन पानं, परीक्षेत ठरलेला प्रश्न. मराठी माध्यमातून आलेली खानापूरकडची पोरं ती इंग्रजीत घोकतात आणि पेपर झाला की विसरतात. त्यांचा दोष नाही. विसरण्यासारखंच ते छापलेलं असतं.

माझं मत असं की चौदातल्या चौथ्या तत्त्वाला आठवडा द्यावा आणि बाकीची चालता चालता सांगावीत. चौथं म्हणजे आदेशाची एकता: काम करणाऱ्याला हुकूम एकाच वरिष्ठाकडून यावा. आमच्या भागात याच्याइतकं रोज मोडलं जाणारं दुसरं तत्त्व मला दिसलेलं नाही.

धडा सुरू करायच्या आधी मी मुलांकडून अर्धं पान लिहून घेते. काल तुमच्या घरच्या धंद्यात, नाहीतर तुम्ही जिथं कामाला जाता तिथं, कोण कुणाला काय म्हणालं एवढंच. नावं नकोत, नातं लिहा. कन्नडमध्ये लिहिलं तरी चालतं, सौंदत्ती-बैलहोंगलकडची मुलं तसंच लिहितात.

वडगावच्या एका मुलीनं लिहिलं होतं: चार यंत्रमाग, एक कामगार, कांड्या भरायला एक बाई. सकाळी आप्पा सांगतात, आधी मरून रंगाची साडी संपव. दहा वाजता काकांचा शहापुरातून फोन, सावकाराला (म्हणजे सूत देऊन साड्या विणून घेणाऱ्या व्यापाऱ्याला) हिरवी उद्याच पाहिजे, ती घे. दुपारी आजी येते आणि लाईट बिलाच्या नावानं दोन माग बंद करून जाते. शेवटचं वाक्य होतं, "मॅडम, आमच्यात कामगार एक आणि मालक तीन." वर्ग हसला. मी स्वतः वडगावची. त्या कामगाराचं पुढं काय होतं ते मला विचारायची गरज नव्हती: तो सगळ्यांचं ऐकतो आणि जो शेवटी बोलला त्याचं करतो. संध्याकाळी साडी एकही पूर्ण नसते आणि बोलणी मात्र त्यालाच बसतात.

भाजीवाल्या घरातल्या एका मुलाचं पान वेगळंच निघालं. बेळगावची भाजी रोज गोव्याला जाते हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्यात कोबी काढायचा की ठेवायचा हे वडील ठरवतात असं त्यानं लिहिलं होतं. मी विचारलं, वडील कशावरून ठरवतात? म्हणाला, गोव्यातल्या व्यापाऱ्याच्या फोनवरून. म्हणजे आदेशाची एकता तिथं पक्की आहे, फक्त आदेश देणारा शेतावर नाही आणि कोबी सडला तर त्याचं काही जात नाही. इथं मी फेयॉलचं दुसरं तत्त्व उघडते, अधिकार आणि जबाबदारी बरोबरीनं असावेत हे. पुस्तकात ते आधी येतं. माझ्या वर्गात नंतर येतं, कारण आता ते समजतं.

हा फेयॉल प्राध्यापक नव्हता, खाण-इंजिनियर होता. जन्म १८४१ चा. फ्रान्समधल्या कोमांत्रीच्या कोळसा खाणीत विशीच्या आत लागला आणि १८८८ मध्ये त्याच कंपनीचा प्रमुख झाला, तेव्हा कंपनी बुडायच्या बेतात होती. त्यानं ती सावरली आणि १९१८ पर्यंत चालवली. त्याचा ग्रंथ १९१६ चा. जाता जाता: किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ पासूनच मोजतो, आणि ती झाली आपल्या बेळगावात, सायकलींच्या दुकानातून. किर्लोस्कर रोडवरून कॉलेजला येणाऱ्या मुलांना हे सांगितलं की फेयॉलचं साल वेगळं पाठ करावं लागत नाही.

त्या खाणीतली एक हकिकत मी आवर्जून सांगते. फेयॉल तरुण असताना खाणीतल्या एका घोड्याचा पाय मोडला. दुसरा घोडा मागितला तर तबेलेवाला म्हणाला, मॅनेजरच्या परवानगीशिवाय देत नाही. मॅनेजर बाहेरगावी. घोडे तबेल्यात उभे आणि काम बंद. फेयॉलनं त्यातून धडा घेतला की अधिकाराच्या जागी कायम कुणीतरी हजर असलं पाहिजे. हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "आमचे तात्या वारीला गेले की आमचं पण असंच होतं की ओ. सूत द्यायला सावकार दुसऱ्या कुणाशी बोलतच नाही."

म्हणजे दोन्ही टोकं इथंच आहेत. काही घरांत हुकूम देणारे तीन, काहींत एकच, आणि तो पंढरपूरला.

मग येतो टेलर, आणि खरी मजा तिथं आहे. फ्रेडरिक टेलर अमेरिकेतला, पोलाद कारखान्यात वाढलेला. त्याचं म्हणणं नेमकं उलट: एका मुकादमाला सगळंच कसं येणार? म्हणून कामगारावर आठ जण नेमा. कामाचा क्रम ठरवणारा, सूचना लिहून देणारा, वेळ आणि खर्च मांडणारा, शिस्त बघणारा हे चौघं ऑफिसात. टोळीचा मुकादम, वेग बघणारा, दुरुस्तीवाला आणि तपासणीवाला हे चौघं शॉपवर, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी. फेयॉलला टेलरबद्दल आदर होता, पण या आठ जणांवर त्याचा स्पष्ट आक्षेप होता. मुलांच्या हातातली गाईडं हे दोघं शेजारशेजारच्या पानांवर छापतात आणि त्यांचं पटत नव्हतं हे कुठं सांगत नाहीत. मुलांना वाटतं दोघंही एकच काहीतरी म्हणतायत.

उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत, लोखंड ओतायच्या फौंड्रीत सेकंड शिफ्ट करणारा एक मुलगा वर्गात होता. त्यानं सांगितलेला प्रसंग असा: क्वालिटीवाला म्हणतो साचा ओला आहे, ओतू नको. सुपरवायझर म्हणतो लेडल (वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं) भरलंय, लोखंड गार व्हायला लागलंय, ओत. दोघंही बरोबर. ओल्या साच्यात ओतलं तर वाफ होऊन कास्टिंगला भोकं पडतात, वितळलेला रस अंगावरही उडू शकतो. थांबलं तर लोखंड वाया जातं. "मी कुणाचं ऐकू, मॅडम? फेयॉलचं की टेलरचं?"

वर्गात दोन तट पडले. मी तास संपला तरी थांबवलं नाही. माझं उत्तर पुस्तकात नाही, म्हणून माझं म्हणूनच सांगितलं: थांबवायचा अधिकार हवा तेवढ्यांना द्या, सुरू करायचा एकालाच. क्वालिटीवाल्यानं "नको" म्हटलं की हात थांबवायचा. पण "ओत" हे सुपरवायझरच म्हणणार, आणि त्या दोघांनी आपसात काय ते मिटवायचं, हेल्परच्या डोक्यावर नाही. वडगावच्या मुलीनं लगेच धरलं, "मग आजीचं बरोबर?" आजीनं माग बंद करणं चालेल, मी म्हटलं, पण परत चालू कधी करायचा ते आप्पांनाच विचारायला सांग.

फेयॉलनं स्वतःच लिहून ठेवलंय की तत्त्वांची संख्या ठरलेली नाही आणि व्यवस्थापनात काही ताठर नसतं, सगळा प्रमाणाचा प्रश्न आहे. चौदा हा आकडा पवित्र केला तो पेपर काढणाऱ्यांनी. तरी पेपर तेच काढतात, म्हणून शेवटच्या तासाला मी चौदाही मथळे क्रमानं फळ्यावर लिहिते, प्रत्येकाखाली दोन ओळी. चौथ्याखाली मुलं त्यांच्या अर्ध्या पानातलं उदाहरण लिहितात, इंग्रजीत जमेल तसं. तपासणारा बाहेरचा असतो. त्याला मरून साडी आणि आजी कितपत कळतात कोण जाणे, पण आतापर्यंत त्या उत्तराचे मार्क कुणी कापलेले नाहीत.