फिटची गोळी आणि पायाची एनसीव्ही

फिटच्या गोळ्या खाणाऱ्याला ईईजी आणि एमआरआय नवे नसतात. पण चिठ्ठीवर पायांची एनसीव्ही, म्हणजे नसांतला संदेशाचा वेग मोजायची चाचणी, बघून मी चक्रावलो. कॉलेजपासून फेनिटॉइन ही फिटची गोळी चालू आहे. नव्या डॉक्टर मॅडमनी टाचेमागच्या शिरेवर (टेंडनवर) रिफ्लेक्स बघायला हातोडी मारली, पाऊल हललं नाही. रिफ्लेक्सला जोर यावा म्हणून दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला लावली, तरी नाही. चालायला त्रास शून्य; तळवे जरा बधिर, एवढंच.

चाचणीला जाताना पायांना तेल-क्रीम लावू नका. आणि पाय गार असतील तर आधी ऊब मागून घ्या, कारण थंडीत नसेतला वेग खरोखरच कमी भरतो. झटके सोसवतात, पण घोट्याजवळचा जोरदार झटका सणकून लागतो.

मला रस वाटला तो एच-रिफ्लेक्समध्ये. गुडघ्यामागच्या लवणीत अगदी हलका करंट देतात. तो संवेदनेच्या तंतूंतून मणक्यातल्या मज्जारज्जूपर्यंत चढतो आणि तिथून स्नायूकडे जाणाऱ्या नसेतून पोटरीत उतरतो. हातोडीचा ठोकाही याच वाटेने फिरतो. या फेरीला जेमतेम 30 मिलिसेकंद लागतात. पडद्यावर ती लाट उठायला हवी होती. माझ्या दोन्ही पायांत सपाट रेघ!

मी विचारलं, गोळीनेच दाबली ना? मॅडम म्हणाल्या, "इतकं सरळ नाही." फेनिटॉइन सोडियमच्या वाहिन्या अडवतं, पण मुख्यतः जिथे नसपेशी भराभर पेटतात तिथे. फिटमध्ये तेच होतं. एकट्यादुकट्या संदेशाला ते सहसा जाऊ देतं. म्हणून रिफ्लेक्स पार नाहीसा झाला तर संशय नसांवरच्या झिजेचा. वर्षानुवर्षं फेनिटॉइन घेणाऱ्या काहींत ती दिसते, हे 1960च्या दशकापासून माहीत आहे.

तरी आधी नसा झिजण्याची इतर कारणं म्हणून साखर, बी-12 आणि फोलेट (आणखी एक बी जीवनसत्त्व) तपासलं. आपल्याकडे शाकाहाऱ्यांत बी-12ची बोंब असतेच. माझं फक्त फोलेट कमी निघालं. फेनिटॉइनची पातळी सकाळच्या गोळीआधी रक्त देऊन बघितली. मिलिलिटरमागे 10 ते 20 मायक्रोग्रॅमच्या नेहमीच्या पट्ट्यात होती. एनसीव्हीत स्नायूंच्या नसा ठीक, संवेदनेच्या नसा अशक्त.

गोळी मनाने बंद करायची नाही, हे मॅडमनी बजावून सांगितलं. एकदम सोडली तर फिट्सची रांग लागू शकते. आता लेव्हेटिरासिटाम ही फिटची दुसरी गोळी सुरू करून फेनिटॉइन हळूहळू उतरवतोय. तोवर बाईक बायको चालवते, मी मागे.