ग्राफ्ट किती दिवस टिकावा?

दात काढला की त्या जागचं जबड्याचं हाड झिजायला लागतं. वर्षभराने तिथे इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दात पेलणारा स्क्रू, बसवायला घ्यावं, तर त्याला धरायला बऱ्याचदा पुरेसं हाडच नसतं. अशा जागी मी बोन ग्राफ्ट, म्हणजे नवं हाड तयार व्हायला आधार देणारा पदार्थ, भरते. रवाळ पांढरे दाणे, रुग्णाच्याच रक्तात कालवले की एकमेकांना चिकटतात आणि खड्ड्यात नीट बसतात. यातले काही ग्राफ्ट मुळात समुद्रातले, प्रवाळापासून केलेले असतात. हे सांगितलं की बहुतेक जण विचारतात, "मग ते कायमचं आत राहणार का?"

मला हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ग्राफ्ट ही परांची आहे. बांधकाम होईपर्यंत ती उभी राहायला हवी आणि नंतर निघायला हवी. लवकर पडली तरी पंचाईत, निघालीच नाही तरी पंचाईत.

पोराइट्स आणि गोनिओपोरा या प्रवाळांचा सांगाडा हाडाच्या आतल्या जाळीसारखाच सच्छिद्र असतो. पोराइट्सची छिद्रं साधारण 200 मायक्रॉनची (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर), गोनिओपोराची 500 च्या आसपास, आणि मुख्य म्हणजे ती आतून एकमेकांना जोडलेली असतात. त्यामुळे रक्तवाहिन्या आत शिरतात आणि त्यांच्यामागून हाड रचणाऱ्या पेशी. पण हा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा. हाड कुरतडणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी आम्ल सोडतात आणि तो भराभर विरघळतो, कधी कधी नवं हाड भरायच्या आतच.

1974 साली डेला रॉय आणि लिनेहन यांनी यावर फार देखणा उपाय दाखवला. प्रवाळाचा तुकडा फॉस्फेटच्या द्रावणात, प्रचंड दाबाखाली तापवायचा. कार्बोनेट जातं, त्याच्या जागी हायड्रॉक्सिअॅपेटाइट येतं, म्हणजे आपल्या हाडातल्या खनिजाचाच प्रकार. छिद्रं मात्र जिथल्या तिथे राहतात! पण आता उलटीच अडचण. हे इतकं चिवट, की कित्येक वर्षांनंतरच्या एक्स-रेमध्येही दाणे दिसतात. मग पुढे कोणीतरी मधला मार्ग काढला: आत कार्बोनेटच ठेवायचं आणि वरून हायड्रॉक्सिअॅपेटाइटचा काही मायक्रॉनचा थर द्यायचा. थर टिकतो तोवर ग्राफ्ट टिकतो, थर गेला की आतला भाग पटकन निघून जातो. या क्षेत्रातली ही मला सगळ्यात आवडलेली कल्पना.

दंतवैद्य म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. होंडुरासमध्ये 1931 साली मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया संस्कृतीच्या काळातला एक जबडा सापडला, इसवी सन 600 च्या सुमाराचा. खालच्या पुढच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे दाताच्या आकाराचे तुकडे ठोकलेले. पुढे 1970 च्या दशकात त्याचे एक्स-रे काढले, तेव्हा तुकड्यांभोवती हाड तयार झालेलं दिसलं. म्हणजे ते माणूस जिवंत असतानाच बसवले होते आणि हाडाने ते धरले होते. मोत्याच्या शिंपल्यातल्या चकाकत्या थरामुळे माणसाच्या हाडपेशी खनिज साठवू लागतात, हे प्रयोगशाळेत 1992 मध्ये दिसलं.

प्रवाळ मात्र किती वापरायचं? ते फार सावकाश वाढतं आणि जगभरची प्रवाळं आधीच संकटात आहेत. म्हणून माझा ओढा समुद्रफेसाकडे, म्हणजे माकूळाच्या पाठीतल्या पांढऱ्या कवचाकडे. मी एक तुकडा ब्लेडने उभा कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता. एकावर एक पातळ पापुद्रे, मधे नागमोडी भिंतींच्या रांगा, आणि बाकी जवळजवळ सगळी पोकळी. नखाने दाबलं तरी चुरा होतो. यालाही फॉस्फेटची तीच प्रक्रिया करता येते. शिवाय माकूळ खाण्यासाठी पकडलं जातंच, आणि हा भाग फेकून दिला जातो.

भार पेलायचं काम मात्र यातलं काहीच करत नाही. मांडीच्या हाडात मोठी पोकळी असेल तर प्लेट आणि स्क्रू लागतातच, आणि बऱ्याचदा रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा घ्यावा लागतो. जबड्यातला लहान खड्डा, चारी बाजूंनी हाडाच्या भिंती शाबूत आणि वरून ताण नाही, अशा ठिकाणी मी हे दाणे निर्धास्तपणे भरते.