देशी तेरडा लावायचाय? आधी बी मिळवून दाखवा

परसातल्या नळापाशी कायम ओल असते, तिथे गौरीसाठी साधा रानातला तेरडा लावायचा होता. बाकी सगळं सोपं आहे, घोडं अडतं ते बियांपाशी. पुण्यात नर्सरीत तेरडा मागितला की सरळ बाल्समचं पाकीट हातात ठेवतात. मी विचारलं, दादा देशी आहे ना, तर म्हणे "ताई एकच असतं सगळं, लावून तर बघा". तसं बघायला गेलं तर जात तीच, इम्पेशन्स बाल्समिना, पण उगवली ती खुजी झाडं आणि गच्च डबल पाकळ्यांची फुलं, गुलाबाची नक्कल नुसती! रानातल्या फुलाच्या पाकळ्या मोकळ्या असतात आणि मागे बारीक वाकडी शेपटी असते, ती हवी होती मला. परत गेले तर "मॅडम, उलट भारी फूल मिळालं की". दुसरीकडे तर "तण कोण विकतं?" म्हणून हसले. अहो, भाद्रपदात हेच तण मंडईत जुडीने विकत घेतो ना आपण? एकाने तर कासहून आण म्हणून सांगितलं. तिथे फुलं तोडायला बंदी आहे, आणि कासची ती गुलाबी चादर इम्पेशन्स लॉईची असते, तो सड्यावरचा वेगळा तेरडा.

शेवटी संगमेश्वरकडच्या आत्याने बी पाठवलं. बोंड पिकलं की नुसतं बोट लागलं तरी फटकन फुटतं, साल आत वळते आणि बिया कुठच्या कुठे, म्हणून तिने हिरवी टम्म बोंडं असतानाच वर जुन्या मलमलची पुरचुंडी बांधून ठेवली होती.

पहिला पाऊस झाला की बी भुरभुरून वर चिमूटभर माती, बास. दाट उगवलं तर विरळ करा, जीव तुटतो पण करा. जूनमध्ये पेरलं की गौरीपर्यंत फुलतं. दांडा पाण्याने भरलेला असतो त्यामुळे ओल हवी पण पाणी साचायला नको, बुडातून कुजतो, मी वाळू आणि कंपोस्ट घालून जागा थोडी उंच केली.

हां, बी कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. माझ्याकडे यंदा जास्तीचं आहे, हवं त्याने सांगा, फक्त डबलवाल्याशेजारी लावू नका, पुढच्या वर्षी भेसळ उगवेल आणि मग नर्सरीवाला खराच ठरेल.